जुन्या विद्यावास्तू आणि पाडकामाचा युक्तिवाद

महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि त्यांना संलग्न असलेली महाविद्यालये आता अशा वयाला आली आहेत की, पहिल्या पिढीत बांधलेल्या इमारतींचे पुढे काय करायचे हा प्रश्न त्यांच्या व्यवस्थापनांना टाळता येत नाही. या प्रश्नाला सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर असे की, जुनी इमारत पाडावी आणि तिच्या जागी नवे अध्ययन केंद्र उभारावे. अध्ययन केंद्र म्हणजे ग्रंथालय, संगणक कक्ष, गटाने बसून अभ्यास करण्याच्या खोल्या आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका ज्यात एका छताखाली असतात अशी वास्तू. अशा केंद्राची गरज खरी आहे आणि ती येथे नाकारायची नाही. प्रतिवाद करायचा आहे तो त्या गरजेतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा, म्हणजे जुनी इमारत हीच नव्या अध्ययनाच्या वाटेतील धोंड आहे आणि ती दूर केल्याखेरीज विद्यापीठ पुढे जाणार नाही, या समजुतीचा. ही समजूत बांधकामशास्त्राच्या कसोटीवर लटकी ठरते, पैशाच्या हिशेबात अपुरी ठरते, आणि नाशिकच्या शैक्षणिक इतिहासापुढे तर ती उभीच राहू शकत नाही.

नाशिकचा दाखला येथे मुद्दाम घ्यायचा, कारण विद्येला कोणती आणि किती इमारत लागते या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे या एका शहरात प्रत्यक्ष दिली गेली आहेत. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा दीर्घ काळ सरकारवाड्यात गेला, आणि पेशवाईच्या राजकारभारासाठी बांधलेला तो वाडा वाचकांना अपुरा आहे म्हणून तो पाडावा असे त्या काळच्या चालकांच्या मनात आले नाही. वाचनालय पुढे वाढले, टिळकपथावर स्वतःच्या वास्तूत गेले, आणि सरकारवाडा राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आपल्या जागी राहिला. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले आणि शहरातील एका संपूर्ण रस्त्याला कॉलेज रोड हे नाव देऊन गेले. कुसुमाग्रज तेथे शिकले, वसंत कानेटकरांनी तेथे इंग्रजी शिकवले. मात्र पाडकामाच्या युक्तिवादाला सर्वांत अडचणीचे उत्तर शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाजवळ, १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दिलेले आहे.

मुक्त विद्यापीठ म्हणजे वयाची, नोकरीची आणि बऱ्याच अंशी पूर्वशिक्षणाची आडकाठी न ठेवता, विद्यार्थी जेथे असेल तेथे शिक्षण पोहोचवणारी संस्था. राम ताकवले या पहिल्या कुलगुरूंच्या काळात या विद्यापीठाची जी घडी बसली तिच्या मध्यभागी भव्य वास्तू नव्हती, अभ्यासकेंद्र होते. हे अभ्यासकेंद्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच संस्थेच्या वर्गखोल्यांत, म्हणजे तालुक्याच्या गावातील एखाद्या जुन्या महाविद्यालयात किंवा हायस्कुलात भरते. विद्यापीठ तेथे स्वयंअध्ययनासाठी लिहून घेतलेली पुस्तके पाठवते, समंत्रक नेमते, म्हणजे विद्यार्थ्याच्या शंका सोडवणारा आणि त्याला अभ्यासाची दिशा देणारा शिक्षक, आणि नोकरदार माणसाला येता येईल अशा सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे ठेवते. दिवसा संस्थेचे नियमित विद्यार्थी ज्या बाकांवर बसतात त्याच बाकांवर रविवारी अंगणवाडी सेविका, शिपाई, गृहिणी आणि शेतकरी बसतात, आणि यातून राज्यातील लाखो माणसांनी पदव्या मिळवल्या आहेत. येथे केंद्र घडले ते छापील साहित्य, ठरलेली वेळ आणि उपलब्ध माणूस या तीन गोष्टींतून. भिंती होत्या त्याच राहिल्या. ज्या शहराने हा प्रयोग राज्यभर नेला त्या शहरात, जुन्या खोल्यांत नवे शिक्षण होऊच शकत नाही असे म्हणणाऱ्याने आधी या साडेतीन दशकांचे काय करायचे ते सांगितले पाहिजे.

पाडकामाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि त्याला तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यायला हवे, कारण मुलांच्या डोक्यावरचे छत हा भावनेचा विषय नाही. परंतु इमारत धोकादायक आहे की नाही हे तिच्या वयावरून ठरत नाही, तपासणीवरून ठरते, आणि ही तपासणी कशी करायची हे महाराष्ट्रात कायद्याने आणि शासनाच्या कार्यपद्धतीने ठरलेले आहे. महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे पाया, खांब, तुळया, भिंती आणि छत भार पेलण्यास समर्थ आहेत की नाहीत याची पाहणी, नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. त्या तपासणीनंतर इमारतीला चारपैकी एक वर्ग मिळतो: सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करताही दुरुस्त होऊ शकणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. चारपैकी तीन वर्गांत शासनाची यंत्रणाच दुरुस्ती सुचवते, ही गोष्ट पाडकामाच्या चर्चेत फारशी कोणी काढत नाही. ‘इमारत पन्नास वर्षांची झाली’ हे वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात कारण म्हणून येते, आणि तिचा वर्ग कोणता, तो कोणत्या चाचण्यांवरून ठरला, अहवाल कोठे पाहायला मिळेल, हे प्रश्न अनुत्तरित राहतात.

चाचण्या काही गूढ नाहीत. काँक्रीटवर स्प्रिंगचा हातोडा टेकवून त्याच्या उसळीवरून पृष्ठभागाचा टणकपणा मोजतात. काँक्रीटमधून श्राव्यातीत ध्वनिलहरी पाठवून त्यांच्या वेगावरून आत पोकळी किंवा भेगा आहेत का हे जोखतात. आतल्या सळईचा विद्युतविभव मोजून गंजाची शक्यता किती हे पाहतात. आणि शंका उरलीच तर गाभ्याचा गोल नमुना कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. हे सर्व करण्यास लागणारा खर्च नव्या इमारतीच्या खर्चापुढे नगण्य असतो. तो न करता पाडकामाचा ठराव होत असेल, तर तो ठराव सुरक्षिततेपोटी झाला असे म्हणण्याला आधार राहत नाही.

इमारती बिघडतात कशा, हेही जवळून पाहिले पाहिजे. गच्चीवरच्या पावसाळी पाइपाच्या तोंडाशी पानांचा लगदा साचतो, जाळी काढून तो उपसण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते, आणि आषाढातल्या पहिल्या झडीत पाणी कोब्यावर, म्हणजे गच्चीला उतार देण्यासाठी विटांचे तुकडे व मसाला घालून केलेल्या थरावर, तुंबून राहते. ते कोब्याच्या बारीक भेगेतून स्लॅबमध्ये शिरते, सळईपर्यंत पोहोचते, आणि गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे आतून रेटा बसून छताच्या खालच्या बाजूचे काँक्रीट फुगते आणि ढलपीच्या रूपाने खाली येते. दगडी इमारतीत हाच प्रकार निराळ्या वाटेने होतो: कठड्याच्या सांध्यात पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते, बोटभर रोप कोणी उपटत नाही, मूळ चुन्यातून वाट काढत दगड बाजूला सारते, आणि मग कोणीतरी दुरुस्ती म्हणून त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापतो, ज्यामुळे चुन्यातून पूर्वी बाहेर पडणारी ओल आतच कोंडली जाऊन भिंत आणखी खचते. वर्षातून दोन वेळा पन्हाळी साफ करणे, रोपे मुळासकट काढणे आणि दगडांमधल्या फटींत चुन्याने दरजा भरणे, एवढ्या कामाअभावी जी वास्तू खिळखिळी होते तिला ‘आयुष्य संपलेली’ म्हणणे म्हणजे निगा न राखणाऱ्याला दोषमुक्त करणे होय.

येथे किल्लारीचे स्मरण करून दिले जाईल आणि ते योग्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि ती मुख्यतः दगडी घरांखालीच गेली. नाशिक भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात गणले जाते, तेव्हा जुन्या दगडी इमारतींत विद्यार्थी बसवण्याची जोखीम कोणी घ्यावी, असा हा आक्षेप आहे. पण किल्लारीत कोसळलेल्या भिंती ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या होत्या, भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, आणि माथ्यावर मातीच्या जाड धाब्याचा बोजा होता. चुन्यात बांधलेल्या घडीव दगडाच्या सार्वजनिक इमारतीला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय किल्लारीनंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात शासनाने नवी गावे वसवली तशी हजारो जुन्या घरांची मजबुतीकरणाची कामेही केली: आरपार बंध घालणे, भिंतींना पट्टे बांधणे, छताचा भार हलका करणे. विटा-दगडांच्या इमारतींची भूकंपरोधक दुरुस्ती कशी करावी यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३९३५ हे मानक आहे. आणि नवेपणा ही सुरक्षिततेची हमी नव्हे हे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने दाखवून दिले, जेव्हा भूकंपकेंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून खांबांवर उभ्या केलेल्या नव्या काँक्रीट इमारती कोसळल्या.

दुसरा मुद्दा असा मांडला जातो की, जुन्या वास्तूची रचनाच नव्या अध्ययनाला प्रतिकूल आहे. या मुद्द्याला राज्यातील दोन मोठ्या विद्यापीठांनी आपापल्या परीने उत्तर दिले आहे. नाशिकची महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात त्याची मुख्य इमारत हा गणेशखिंडीतील गव्हर्नरचा बंगला आहे. १८६४ मध्ये बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तिचे काम सुरू झाले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री तिथल्या समारंभातून परतणाऱ्या रँड या प्लेग अधिकाऱ्यावर चाफेकर बंधूंनी वाटेत हल्ला केला. गव्हर्नरच्या निवासासाठी बांधलेल्या त्या वास्तूत १९४९ पासून विद्यापीठ नांदते आहे, आणि तिचे जतनकार्यही झालेले आहे. त्याच परिसरातील जयकर ग्रंथालय आपल्या जागी राहूनच जयकर ज्ञानस्रोत केंद्र झाले. मुंबई विद्यापीठाचे राजाबाई टॉवरमधील ग्रंथालय तर १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या वास्तूत आहे. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याची, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही इमारत इंडियन हेरिटेज सोसायटीने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने दुरुस्त केली, ते काम २०१५ मध्ये पुरे झाले, आणि २०१८ मध्ये ती ज्या वास्तुसमूहात मोडते तो जागतिक वारसा यादीत गेला. काचेच्या रंगीत खिडक्यांची साफसफाई, लाकडाची डागडुजी, विजेच्या तारांची फेरजोडणी हे सर्व तिथे ग्रंथालय कायम ठेवून साधले. ज्या वर्गखोलीत जाड भिंती आणि उंच छत यांमुळे एप्रिलमध्येही पंख्यावर भागते, तिथे बिनतारी जाळे पोहोचवणे आणि हलके विभाजक पडदे घालून गटचर्चेची जागा करणे हे यापेक्षा पुष्कळ सोपे काम आहे.

याच मुद्द्याचा एक भाग मात्र निर्विवाद आहे, तो दिव्यांग विद्यार्थ्यांचा. पायऱ्या चढून जाव्या लागणाऱ्या, उद्वाहक नसलेल्या, रुंद दरवाजांचे स्वच्छतागृह नसलेल्या इमारतीत चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थिनीला ग्रंथालय बंदच आहे, आणि हा अन्याय वारशाच्या नावाखाली चालू ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नेमके काय सांगतो ते वाचावे: विद्यमान सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात असे त्यात म्हटले आहे. कायद्याने उतरण, उद्वाहक आणि स्वच्छतागृह मागितले आहे, तेही ठरलेल्या मुदतीत. नव्या केंद्राच्या आशेवर हे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलणारी संस्था आज शिकत असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्याचा हक्क बुडवते, आणि उद्याच्या इमारतीचे चित्र दाखवून तो परत देता येत नाही.

आता पैशाचा हिशेब. दुरुस्तीपेक्षा नवे बांधकाम स्वस्त पडते असे ठामपणे सांगितले जाते, पण या तुलनेत बहुधा पाडकामाचा आणि राडारोड्याचा खर्च, नियमांप्रमाणे त्या राडारोड्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी, आणि बांधकाम चालू असतानाच्या पर्यायी जागेचे भाडे धरलेले नसते. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून होते. ज्या संस्थेत पर्यावरणशास्त्र हा सक्तीचा विषय आहे तिने सुस्थितीतला सांगाडा फोडून नव्याने सिमेंट ओतण्याआधी हा आकडा विचारात घेणे हे तिच्याच अभ्यासक्रमाशी सुसंगत ठरेल. शासकीय अनुदान फक्त नव्या बांधकामाला मिळते ही समजूतही पूर्ण खरी नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात, म्हणजे ‘रुसा’त, पायाभूत सुविधांच्या अनुदानाची विभागणी नवे बांधकाम ३५ टक्के, नूतनीकरण ३५ टक्के आणि उपकरणे ३० टक्के अशी केलेली होती, याचा अर्थ धोरण आखणाऱ्यांनी जुन्याच्या दुरुस्तीला नव्याइतकेच वजन दिले होते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या परिषदेच्या चौथ्या निकषातही, पायाभूत सुविधा आणि अध्ययनसाधने या शीर्षकाखाली, परिसराच्या देखभालीवर काय खर्च होतो हे स्वतंत्रपणे विचारले जाते. तेव्हा मूल्यांकनासाठी नवी इमारत हवीच, हे म्हणणे त्या निकषाचा अर्धाच भाग वाचून केलेले आहे.

नव्या इमारतीने अध्ययन वाढतेच असे मानणाऱ्यांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे उदाहरण बारकाईने पाहावे. १९७४ मध्ये उघडलेले तेथील मध्यवर्ती ग्रंथालय जुने आणि कुरूप ठरवून २०१६ मध्ये पाडण्यात आले. त्याआधीच, सप्टेंबर २०१३ मध्ये, सुमारे १८ कोटी ९० लाख पौंड खर्चून नवे ग्रंथालय थाटाने उघडले होते. दोनच वर्षांत नगरपरिषदेकडे ते चालवायला पैसे उरले नाहीत, आठवड्याला ७३ तास उघडे राहणारे ते ग्रंथालय २०१५ मध्ये ४० तासांवर आले, आणि निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांची पदे गेली. वाचकाच्या हाती काय लागले? भव्य दालने लागली, आणि संध्याकाळी कामावरून सुटून यावे तर दार बंद. महाराष्ट्रातील ज्या महाविद्यालयांत निम्मे अध्यापन तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासापुरते मानधन मिळणाऱ्या, प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे आणि ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे भरले जात नाही, तिथे नव्या केंद्राच्या काचेच्या दारामागे कोण बसणार आहे हा प्रश्न कोनशिला बसवण्याआधी सुटला पाहिजे. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला दोन माणसांचा पगार आणि विजेचे बिल लागते. ही तरतूद झाली तर जुन्या इमारतीतही आजपासून अभ्यासिका दहापर्यंत चालू शकते. नाही झाली तर नव्या इमारतीतही ती पाचलाच बंद होणार.

या प्रतिवादाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. १९७० आणि १९८० च्या दशकांत घाईने उभारलेल्या, कमी प्रतीच्या काँक्रीटच्या, सळयांवर पुरेसे आवरण नसलेल्या कित्येक इमारती खरोखरच सी-१ वर्गात जातील. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण उतरत जातो, सळईचे संरक्षण संपते, आणि गंज जर खांबाखांबांत पसरला असेल तर डागडुजीने काही साधत नाही. अशी इमारत पाडलीच पाहिजे, तीही विलंब न करता. तिच्या जागी केंद्र उभारावे, ते मोठे असावे, चांगल्या वास्तुविशारदाकडून स्पर्धेने आराखडे मागवून बांधावे. आक्षेप आहे तो निकाल आधी आणि तपासणी नंतर या क्रमाला, आणि ज्या दगडी वास्तूंना शंभर वर्षांत भेग पडली नाही त्यांना या कमकुवत काँक्रीट इमारतींच्या पंक्तीला बसवण्याला. अधिसभेपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर चर्चा करणाऱ्या प्रातिनिधिक सभेपुढे, पाडकामाचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यासोबत तपासणीचा संपूर्ण अहवाल, गेल्या दहा वर्षांचा देखभालीचा खर्च, मजबुतीकरणाचे स्वतंत्र अंदाजपत्रक आणि नव्या इमारतीच्या पहिल्या दहा वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद जोडलेली असावी, अशी मागणी नाशिकमधील प्रत्येक संस्थेच्या सभासदांना आणि माजी विद्यार्थ्यांना करता येण्यासारखी आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरभर चाललेल्या बांधकामांच्या धांदलीत ती मागणी आताच झाली पाहिजे.

या सर्व कागदांत एक रकाना सहसा कोणी भरत नाही, तो बांधकामाच्या काळातील विद्यार्थ्यांचा. पदवीचा अभ्यासक्रम तीन किंवा चार वर्षांचा असतो, आणि सार्वजनिक पैशातून होणारे मोठे बांधकाम निविदा, परवानग्या, निधीचे हप्ते आणि भोगवटा प्रमाणपत्र यांतून जाताना तेवढाच काळ सहज घेते. ज्या वर्षी जुने ग्रंथालय रिकामे होते त्या वर्षी प्रवेश घेतलेली पेठ, दिंडोरी, सुरगाण्याकडची विद्यार्थिनी, जिच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र कोपरा नाही आणि जी एसटीच्या वेळेवर येते-जाते, ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत खोक्यांत बांधलेल्या पुस्तकांच्या संस्थेत शिकलेली असते. तिच्यासाठी त्या काळात कोणती खोली, किती खुर्च्या, कोणती पुस्तके आणि किती तास उपलब्ध राहतील हे प्रस्तावात आकड्यांनिशी लिहिलेले नसेल, तर दुरुस्ती आणि नवबांधणी यांच्या खर्चाची तुलना अजून झालेलीच नाही असे समजून तो प्रस्ताव परत पाठवावा.